अलास्कातली दोन गावं: अंतर किती, विमानाला वेळ किती, ते घरबसल्या कसं काढायचं

नकाशावर बघितलं तर कॉट्झेब्यू आणि उत्कियाग्विक तशी जवळच वाटतात, दोन्ही अलास्काच्या पार वर, आर्क्टिक सर्कलच्या पलीकडे. पण बाहेरून रस्ता दोन्हीकडे जात नाही, त्यामुळे गुगल मॅपला ड्रायव्हिंग विचारलंत तर तो सरळ हात वर करतो. मग हिशोब आपणच करायचा.

आधी एअरपोर्टचे कोड शोधा. उत्कियाग्विक म्हणजे पूर्वीचं बॅरो, २०१६ मध्ये गावाने मतदान करून नाव बदललं पण एअरपोर्टचा कोड अजून बीआरडब्ल्यूच आहे. कॉट्झेब्यूचा ओटीझेड. सर्चमध्ये कोडच टाका, स्पेलिंगच्या नादी लागू नका.

आता सरळ रेषेतलं अंतर. कॉट्झेब्यू ६६.९ उत्तर, १६२.६ पश्चिम, उत्कियाग्विक ७१.३ उत्तर, १५६.८ पश्चिम. अक्षांशाचा फरक ४.४, एका अंशाला १११ किमी धरा, झाले साधारण ४८८. रेखांशाचा फरक ५.८, आणि इथेच बहुतेकांचं गणित गंडतं कारण यालाही १११ नेच गुणतात! रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, मुंबईत एक अंश म्हणजे जवळपास १०५ किमी असतो तो तिथे जेमतेम ४० उरतो (१११ गुणिले कॉस ६९, ६९ म्हणजे दोन्ही गावांच्या अक्षांशांची साधारण सरासरी). म्हणजे २३२ किमी. आता शाळेतला पायथागोरस, ४८८ चा वर्ग अधिक २३२ चा वर्ग, वर्गमूळ काढा, ५४० किमी. ताडून बघायला ग्रेट सर्कल मॅपर ही वेबसाइट आहेच, फक्त तिथे आकडा मैलात आलाय का नॉटिकल मैलात ते बघा, साधा मैल १.६१ किमीचा आणि नॉटिकल १.८५ चा. स्क्रीनवर पट्टी लावून मोजायचं मात्र विसरा, ऑनलाइन नकाशे उत्तरेकडे जाताना ताणले जातात, ६९ अंशावर जवळपास पावणेतीन पट.

पण खरी गंमत पुढे आहे. ते ५४० किमी छोटं विमान चार्टर केलं तरच कामाचे. ताशी ३०० किमीने जाणारं सेस्ना कॅरव्हॅन धरलं तर दोनेक तास, पण खर्च आपल्या खिशाला झेपणारा नाही. नेहमीच्या तिकिटावर आधी खाली अँकरेजला, म्हणजे अलास्काच्या दक्षिणेतल्या मोठ्या शहरात या, तिथून परत वर जा. कॉट्झेब्यू ते अँकरेज ८८५ किमी, अँकरेज ते उत्कियाग्विक ११६७, म्हणजे सगळे मिळून दोन हजारांच्या वर, जवळजवळ चौपट.

वेळ काढताना किमीला ८०० ने भागा आणि प्रत्येक उड्डाणाला अर्धा तास जास्तीचा धरा, विमानाचं धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं सगळं त्यात आलं. पहिलं उड्डाण साधारण दीड-पावणेदोन तास, दुसरं दोन. काही फ्लाइट मध्येच डेडहॉर्स नावाच्या ठिकाणी थांबतात, मग वेळ वाढणारच, तेव्हा बुक करताना स्टॉप बघा. अख्ख्या रूटवर घड्याळ एकच, त्यामुळे तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करा. घरी फोन लावताना मात्र जपून, भारत हिवाळ्यात साडेचौदा तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेतेरा.

आता अँकरेजमधला थांबा. माझ्या मते तिथे एक रात्र ठेवाच, कारण उत्कियाग्विक समुद्राकाठी आहे, उन्हाळ्यात धुकं आलं की विमान उतरेलच याचा भरवसा नाही. आणि दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर घ्या, वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिली फ्लाइट रखडली तर दुसरीचे पैसे बुडालेच समजा.