मृग बहाराचे डाळिंब परदेशी पाठवताय? भाड्याचा कागद आधी वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो, मृग बहाराची फळे रंगावर आली की सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात निर्यातीच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या फिरू लागतात. भाव ऐकून जीव हरखतो. पण 'भाव किती' याच्या आधी एक प्रश्न विचारा : हा भाव कुठपर्यंतचा?

बागेतला भाव असेल तर पुढचा सगळा खर्च घेणाऱ्याचा. एफओबी असेल तर माल जहाजावर चढेपर्यंतचे सगळे विकणाऱ्याच्या अंगावर : पॅकहाऊस (फळे निवडून पेट्या भरण्याची जागा), न्हावा-शेवा बंदरापर्यंतची रीफर म्हणजे माल थंड ठेवणारी गाडी, कस्टम एजंटची फी, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, थोडक्यात 'फायटो'), बंदरावरचे टर्मिनल हँडलिंग म्हणजे कंटेनरच्या चढ-उताराचे पैसे. सीआयएफ म्हटले की यावर जहाजाचे भाडे आणि विमाही आला. म्हणून कागदावर भरघोस दिसणारा सीआयएफ भाव हिशेबाअंती बागेतल्या भावाच्या खाली जाऊ शकतो.

आमच्या गटाला हे पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात आल्यावर कळले. कंटेनर गुरुवारी संध्याकाळी बंदरात पोचला. फायटोवर पेट्यांचा आकडा एक, पॅकिंग लिस्टवर दुसरा. फरक फक्त बारा पेट्यांचा. दुरुस्ती सोमवारी झाली, तोवर जहाज गेले. पुढच्या जहाजापर्यंतचे जागाभाडे आणि कंटेनर थंड ठेवायला लागलेल्या विजेचे पैसे आमच्याच पट्टीतून कापले. तेव्हापासून दार सील होण्याआधी गटातले दोघे जण पेट्या मोजतात आणि दोन्ही कागद शेजारी धरून वाचतात. तुम्हीही हे करा, कोणावर सोडू नका.

कंटेनर अर्धा भरला तरी भाडे पूर्णच. समजा सगळा खर्च ४ लाख रुपये आला. ४,००० पेट्या भरल्या तर पेटीमागे १०० रुपये, ३,२०० भरल्या तर १२५. माल कमी असेल तर शेजारच्या गावाला सोबत घ्या. एकट्याने हट्ट करण्यात नुकसान आहे.

विमानाचे गणित निराळे. तिथे वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागा. ४० × ३० × २० ची पेटी ४ किलो धरली जाते, मग आत फळ-पुठ्ठा मिळून साडेतीन किलो का असेना. पेटी अंगासरशी बसेल अशीच घ्या.

भाड्याचा दर डॉलरमध्ये असतो आणि तो ठरावीक तारखेपर्यंतच चालतो. वरून इंधनाचा, गर्दीच्या हंगामाचा, युद्धजोखमीचा अधिभार लागू शकतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तशी युरोपची बरीच जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. दिवसही वाढले, भाडेही. म्हणून कोटेशन लेखी घ्या आणि 'अधिभार धरून की सोडून' हे त्यावर लिहून घ्या. डिटेन्शन (कंटेनर बंदराबाहेर जास्त दिवस ठेवल्याचा आकार) आणि डिमरेज (बंदरात जास्त दिवस पडून राहिल्याचा आकार) लागण्याआधीचे मोफत दिवस किती, तेही.

समुद्रमार्गे माल टिकतो, याबद्दल शंका नको. सोलापूर भागातले ५.७ टन डाळिंब ६ डिसेंबर २०२४ ला निघून १३ जानेवारी २०२५ ला सिडनीत पोचले, तीन-तीन किलोच्या १,९०० पेट्या. ३८ दिवस! पण एवढे दिवस काढायचे तर तोडणीनंतर प्रीकूलिंग, म्हणजे माल भरण्याआधी फळे गार करणे, चुकवून चालत नाही.

विम्याचेही नीट पाहा. सीआयएफ सौद्यात किमान संरक्षणाचा विमा दिला तरी विकणाऱ्याचे काम भागते. त्यात आग, जहाज बुडणे, टक्कर अशा मोठ्या आपत्ती येतात. उशिरामुळे फळ सडले तर त्यातून भरपाई नाही. रीफर बंद पडण्याचे संरक्षण वेगळे मागावे लागते. आणि पेट्यांमध्ये तापमान नोंदवणारे यंत्र जरूर ठेवा. तिकडे पेटी उघडल्यावर दाणे तपकिरी निघाले, तर गारवा बिघडला कुठे, गाडीत, बंदरात की जहाजात, हे त्या नोंदीवरूनच दाखवता येते.