बॉस्टनच्या बंदरावर आई-बाबांना मासे खायला नेताना

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की बॉस्टनच्या मराठी घरांत 'सीपोर्टला लॉबस्टर खायला जाऊ' हा बेत ठरतोच. पाण्याच्या काठाला लागून, दोनशे माणसं सहज बसतील अशी मोठाली हॉटेलं आहेत तिथे. पाहुणे सत्तरीचे आणि जिभेला कोकणी वळण असलेले असतील, तर थोडं ठरवून जा.

टेबल साडेचार-पाचचं सांगा. सहानंतर गर्दी होते, मग खिडकीजवळची जागा मिळत नाही आणि गोंगाटात सासऱ्यांना काही ऐकू येत नाही. सूर्य समुद्रात बुडताना दिसेल ही आशा मात्र सोडा. हा पूर्व किनारा, सूर्य इमारतींमागे जातो. त्याऐवजी समोर लोगन विमानतळ आहे. पाण्यापलीकडे एकामागून एक उतरणारी विमानं बघत आमचे सासरे कितीही वेळ बसतात. बाहेर बसणार असाल तर जुलैतही स्वेटर घ्या, संध्याकाळचा वारा गार असतो.

क्लॅम चाउडर म्हणजे शिंपल्यांचं दाट, पांढरं, बटाटा आणि क्रीम घातलेलं सूप. त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी किंवा बेकन असतं. घरात कुणाला चालत नसेल तर आधी विचारा, वाटी समोर आल्यावर नको. बर्फावर मांडलेली कच्ची कालवं डायबेटिस किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांनी खाऊ नयेत, मग कितीही आग्रह होवो.

माझं मत विचाराल तर सुरुवात 'स्टीमर्स'नी करा. तिसऱ्या आवडणाऱ्यांना हे लगेच जमतं. वाफवलेले शिंपले येतात, सोबत त्यांचंच गरम पाणी आणि वितळलेलं लोणी. शिंपला उघडायचा, मानेवरची काळपट साल ओढून काढायची, गरम पाण्यात खळबळून वाळू झाडायची, मग लोण्यात बुडवून तोंडात. ते पाणी पिण्यासाठी नाही हे बाबांना आधीच सांगा.

लॉबस्टरचा भाव मेनूत छापलेला नसतो, 'मार्केट प्राइस' लिहिलेलं असतं. किती ते बिनधास्त विचारा, इथे सगळेच विचारतात. सव्वा पाउंडाच्या लॉबस्टरमधून मांस निघतं जेमतेम सव्वाशे ग्रॅम, त्यामुळे चौघांत दोन मागवा आणि जोडीला भाजलेला हॅडॉक मासा घ्या. आपल्या शेवंडीला नांग्या नसतात, याला चांगल्या जाडजूड असतात आणि चव तिथेच जास्त. शेपूट पिळून वेगळी करा, नांग्या अडकित्त्यासारख्या चिमट्याने फोडा, बारीक पाय दातांनी चोखा. कुर्ल्या खाल्लेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. गळ्यात प्लास्टिकचं लाळेरं बांधायला सासूबाई लाजतील, तरी बांधा. आतला हिरवा भाग खाऊ नका, त्यात प्रदूषणातली विषारी द्रव्यं साठतात म्हणून इथलं आरोग्य खातंही नको म्हणतं. लाल गाभोळी मिळाली तर नशीब. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मऊ कवचाचे लॉबस्टर येतात. मांस कमी, पण गोड, आणि कवच हातानेच फुटतं. म्हाताऱ्या बोटांना तेच बरे.

मेनूत ब्लूफिश दिसला तर सोडू नका. तेलकट, वासाचा, बांगडा आवडणाऱ्यांचा मासा. सॅमन मागवायला इथवर यायची गरज नाही, तो घराजवळच्या दुकानातही मिळतो.

कुणाची संकष्टी असेल तर त्या दिवशी जाऊच नका. शाकाहारी कुणी बरोबर असेल तर भाजलेला बटाटा, मक्याचं कणीस, सॅलड मिळतं. फ्रेंच फ्राइज मात्र बहुधा मासे तळलेल्याच तेलात तळलेल्या असतात, विचारून घ्या. लसणीची चटणी पर्समध्ये न्यायला हरकत नाही. आजवर कुणी हटकलेलं नाही.

बिलावर सात टक्के कर लागतो आणि टिप अठरा ते वीस टक्के. सहा किंवा जास्त माणसं असतील तर ती अनेकदा आधीच लावलेली असते, नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल. आणि बिल बाबांच्या हाती लागू देऊ नका, ते तिथेच रुपयांत हिशेब मांडतात.

पार्किंग महाग आहे. साउथ स्टेशनहून सिल्व्हर लाइनची बस घ्या, कोर्टहाउस स्टेशनला उतरा, पुढे चालत जाता येतं. उठण्याआधी लॉबस्टरची रिकामी कवचं बांधून मागा. वेटर क्षणभर बघत राहतो, पण देतो. दुसऱ्या दिवशी ती उकळून पाणी गाळायचं आणि त्यात नारळाचं वाटण, आमसुलं, चिमूटभर हळद घालून कालवण करायचं. सासूबाईंचं खरं जेवण ते असतं.