ऑफिसात टोमणे मारायची सवय कशी सोडायची

आधी कबुली देतो, हे मी शहाणपणाच्या खुर्चीत बसून लिहीत नाहीये. सीएच्या ऑफिसात सीनियर म्हणून काम करताना मीच तो माणूस होतो ज्याच्या टेबलाकडे यायला आर्टिकलची, म्हणजे सीए व्हायला ट्रेनिंग घेणारी, पोरं एकमेकांना पुढे ढकलायची. एका मुलीला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बी.कॉम. कुठून केलंस गं, पोस्टाने?" सगळे हसले, मलाही भारी वाटलं. पुढच्या महिन्यात तिच्याकडून क्लायंटला माल देणाऱ्या एका पार्टीच्या बिलाचं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दोनदा घेतलं गेलं, 15 तारखेलाच तिच्या लक्षात आलं होतं पण ती बोललीच नाही, आणि 20 ला आम्ही 3बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) फाईल करून मोकळे. आता 3बी काही रिवाइज होत नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यात क्रेडिट रिव्हर्स करा, वर 18 टक्क्यांनी व्याज भरा, आणि क्लायंटला तोंड द्या ते वेगळंच. "सांगितलं का नाहीस?" विचारलं तर म्हणाली, "सर, तुम्ही परत तसं बोलला असतात." यावर मी काय बोलणार, गप्प बसलो.

तर पहिलं काम, आठवडाभर स्वतःचीच वाक्यं लिहून काढा. डायरीच्या मागच्या पानावर, जशीच्या तशी. "एवढं पण येत नाही?", "राहू दे, मीच करतो", "तुला कोणी घेतलं रे कामाला". न बोललेलंही लिहा, म्हणजे समोरचा बोलत असताना मोबाईल बघणं, च्यक करणं, शिपाई काका वयाने मोठे असून त्यांना अरे-तुरे करणं. माझं पान तीन दिवसात भरलं.

मग प्रत्येक वाक्याला बदली वाक्य शोधा. नुसतं "आता मी चांगलं वागणार" ठरवून काही होत नाही, कारण मार्च एंडला डोकं तापलं की तोंडात जुनंच वाक्य तयार असतं. "एवढं पण येत नाही?" च्या जागी मी ठेवलं, "कुठपर्यंत जमलंय, दाखव." "कितीदा सांगायचं" च्या जागी "मागच्या वेळी मी सांगितलं त्यातलं काय डोक्यात बसलं नाही?" आणि "राहू दे, मीच करतो" हे तर सगळ्यात वाईट, ऐकायला मदत वाटते पण समोरच्याला तू बिनकामाचा आहेस असंच ऐकू येतं. त्याऐवजी "बस इथे, हे एक आपण मिळून करू, पुढचं तू कर."

चूक मात्र चूकच म्हणायची हं! गोड बोलायच्या नादात चुकीचं रिकन्सिलिएशन (हिशेबांची जुळवणी) पास केलं तर ती काही दया नाही. फक्त चुकीवर बोला, माणसावर नको. "या शीटमध्ये दोन एन्ट्री डबल आहेत" एवढं पुरतं, त्याला "तू नेहमीच असा" हे शेपूट लावू नका. आणि चूक त्याला एकट्याला सांगा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन नाही. मेलला रिप्लाय ऑल करून पाणउतारा करणारे तर... जाऊ दे.

कोणी म्हणेल, पोरांनी एवढं मनाला कशाला लावून घ्यायचं. इस्राएलमधला एक प्रयोग 2015 साली छापून आला होता, नवजात बाळांच्या आयसीयूतल्या 24 टीम्सना बाळाची खोटी केस हाताळायला दिली, त्यातल्या काही टीम्सना आधी एका तज्ज्ञाचे थोडे कुजकट शेरे ऐकवले, तेही त्यांच्या कामाबद्दलचे नव्हतेच, तरी त्यांचं निदान आणि हातातलं काम दोन्ही बिघडलं. एकमेकांना माहिती सांगणं आणि मदत मागणंसुद्धा कमी झालं. आमच्या 15 तारखेला हेच तर झालं होतं.

माफी मागायची असेल तर जिथे बोललात तिथेच मागा. मी केबिनमध्ये बोलवून सॉरी म्हणणार होतो, बायको म्हणाली, "अपमान हॉलमध्ये आणि माफी आत होय?" मग हॉलमध्येच म्हणालो, सगळ्यांसमोर, "त्या दिवशीचं बोलणं चुकीचं होतं, तुझी चूक त्यापेक्षा लहान होती." "गंमत केली गं" म्हणू नका, त्याने आणखी लागतं. समोसे मागवूनही भागत नाही.

सवय जाता जात नाही. मधेच तोंडातून निघतंच, निघालं की त्याच दिवशी, घरी जायच्या आत दुरुस्त करा. राग अगदी वर आलाच तर बाटली घेऊन कूलरपर्यंत जाऊन या, पाणी आधीच भरलेलं असलं तरी.

आणि तुम्ही बोलणारे नसून बघणारे असाल तर निदान हसू नका. माझ्या त्या पोस्टाच्या विनोदावर कोणीच हसलं नसतं ना, तर मी दुसरा मारला नसता.