बँकॉकच्या पलीकडचं थायलंड स्वतः आखून कसं पाहावं

आपल्याकडून थायलंडला जाणाऱ्यांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो: बँकॉक, पटाया, एक दिवस बेटावर, एक दिवस खरेदीला आणि परत. जुन्या राजधान्या, खमेर म्हणजे जुन्या कंबोडियन राजवटीच्या काळातली शिवमंदिरं, उत्तरेचे डोंगर हे सगळं त्यात राहूनच जातं. तिथे पोचायला टूर कंपनीच हवी असं नाही. हाताशी आठवडाभर असला तरी पुरतो. अट एकच, एका सहलीत एकच दिशा धरायची. उत्तरेचं चियांग माई आणि दक्षिणेचं फुकेत एकाच आठवड्यात कोंबलं की सुट्टीचा मोठा भाग विमानतळांवर जातो.

आधी महिना, मग दिशा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेसाठी उत्तम. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत मात्र चियांग माई, चियांग राय टाळाच. शेतं आणि जंगलं पेटवल्यामुळे तिथली हवा धुराने भरलेली असते, आणि बरोबर दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर विषयच संपला. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नववर्ष. तेव्हा अख्खा देश गावी जातो आणि गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत.

समुद्राकडे जायचं तर किनारे दोन आहेत आणि त्यांचा पाऊस वेगवेगळ्या वेळी येतो. फुकेत, क्राबी ही अंदमान समुद्राची बाजू मे ते ऑक्टोबर भिजलेली असते. सिमिलन बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. थायलंडच्या आखातातल्या कोह सामुई बेटाला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे मुलांच्या उन्हाळी सुट्टीत सामुई बरं आणि दिवाळीच्या सुट्टीत उत्तर बरी. सामुईला रेल्वेने जाताना सूरत थानीला उतरावं लागतं. हे नाव १९१५ साली राजा वजिरावुध यांनी आपल्या सूरतवरून दिलं, आणि तिथल्या नदीला तापी म्हटलं. भुसावळ-जळगावकडच्यांनी त्या नदीवरचा पूल ओलांडताना खिडकीतून जरूर बघावं.

कागदपत्रं आणि विमान

जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय साठ दिवस राहण्याची मुभा देण्यात आली. पण असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं संकेतस्थळ बघा. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. त्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही असं समजा.

बँकॉकला विमानतळ दोन आहेत. भारतातून येणारी बरीच विमानं सुवर्णभूमीला उतरतात, तर देशांतर्गत स्वस्त विमानं मुख्यतः डॉन म्युआंगहून सुटतात. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये निदान पाच तास ठेवा. फक्त फुकेतलाच जायचं असेल तर बँकॉकला उतरायचीही गरज नाही. मुंबईहून थेट विमान मिळतं.

रेल्वे कशी पकडावी

जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंगवरून नव्या क्रुंग थेप अफिवाट स्थानकावर गेल्या आहेत. टॅक्सीवाल्याला ‘बांग सू’ म्हटलं की कळतं. तिकीट थाई रेल्वेच्या संकेतस्थळावर, ‘डी-तिकीट’वर काढा. चियांग माईची रात्रीची गाडी थंडीच्या मोसमात लवकर भरते, तेव्हा तारखा नक्की झाल्या की लगेच बुक करा.

सेकंड क्लास स्लीपर घ्या आणि शक्यतो खालचा बर्थ. वरच्यापेक्षा थोडा महाग असतो, पण रुंद असतो आणि खिडकी तुमची असते. संध्याकाळी समोरासमोरच्या दोन खुर्च्या असतात. रात्री डब्यातला कर्मचारी येतो, खुर्च्या ओढून सपाट करतो, गादी पसरतो, चादर घालतो आणि पडदा लावून देतो. एसी मात्र कडक असतो, एक शाल हाताशी असू द्या. गाडीत दारूला बंदी आहे.

अयुथ्या ऐंशी किलोमीटरवर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. १३५० ते १७६७ ही सयामची राजधानी होती, ती बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. त्याहून जुनी राजधानी सुखोथाई; तिथे जायला फित्सानुलोकपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. कांचनाबुरीची गाडी मात्र मुख्य स्थानकावरून सुटत नाही, ती नदीपलीकडच्या थोनबुरीहून सुटते. क्वाय नदीचा पूल बघताना एवढं लक्षात असू द्या की जपान्यांनी १९४२-४३ मध्ये बांधून घेतलेल्या थायलंड ते बर्मा या ४१५ किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर मलायातले तमिळ मजूर फार मोठ्या संख्येने मेले.

एक जागा, जिथे आपले लोक फारसे जात नाहीत

बुरीराम प्रांतातलं फानोम रुंग. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचं शिवमंदिर. दहाव्या ते तेराव्या शतकात खमेर राजवटीत उभं राहिलेलं, गुलाबी छटेच्या वालुकाश्माचं. बुरीरामपर्यंत रेल्वेने जा आणि तिथून दिवसभरासाठी गाडी ठरवा, कारण मंदिर शहरापासून साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे. बसने येणार असाल तर बँकॉकच्या मो चित स्थानकावरून नांग रोंगला या, ते जास्त जवळ पडतं.

सकाळी लवकर चढा. कमळकळ्यांसारखे माथे असलेल्या खांबांच्या रांगेतून वाट जाते, मग नागांच्या कठड्यांचा पूल, मग पायऱ्या. पूर्वेच्या दारावर मान वर करून बघा: वर नटराज आणि त्याच्या खालच्या पट्टीवर शेषशायी विष्णू, नाभीतून निघालेलं कमळ, पायाशी लक्ष्मी. आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ही विष्णूची शिळा १९६०च्या दशकात चोरीला गेली आणि शिकागोच्या संग्रहालयात निघाली. थाई लोकांनी मागणी लावून धरली आणि १९८८ मध्ये ती परत आली. आत नंदी आहे, गाभाऱ्यात लिंग आहे आणि अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हाळही आहे. एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उगवता सूर्य एका ओळीतल्या पंधरा दारांतून आरपार दिसतो. पायथ्याजवळचं मुआंग ताम मंदिर, त्याच्या चार कोपऱ्यांतल्या तळ्यांसह, त्याच दिवशी होतं.

हा प्रांत कंबोडियाच्या सीमेला लागून आहे आणि २०२५ मध्ये या सीमेवर लढाई झाली आहे. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. परिस्थिती ठीक नसेल तर हा बेत पुढे ढकलून सुखोथाई धरा.

शाकाहाऱ्यांनी काय करावं

नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, कारण भाजीतही माशांचा सॉस पडतो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेलं दुकान शोधा. तिथे ‘जे’ जेवण मिळतं: मांस, मासे, अंडी, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी कंदमुळांचं तेवढं विचारून घ्यावं. नवरात्राच्या आसपास ‘जे’चा नऊ दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा फुकेतमध्ये असे ठेले रस्तोरस्ती लागतात. इतर ठिकाणी ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका, एवढं पाठ करून जा. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते, तीही काढायला सांगा.

गावात फिरताना

मागे दोन बाकं टाकलेली सोंगथेव ही तिथली शेअर रिक्षा. चियांग माईत ती लाल असते. कुठे जायचं ते सांगा, भाडं आधी विचारा आणि उतरताना घंटी दाबा. रोकड जवळ ठेवा. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी दोनशे बाहतच्या वर शुल्क कापतं, त्यामुळे एकदाच जास्त काढा. भाड्याची स्कूटर घ्यायची तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच घ्या आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे का ते तपासा. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. स्कूटरसाठी पासपोर्ट गहाण ठेवू नका, आणि घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. काही अडलं तर टुरिस्ट पोलिसांचा क्रमांक ११५५, तिथे इंग्रजीत बोलता येतं.