ट्रेंड दहा दिवसांचा, पैठणी महिन्यांची: रीलवरून हातमागाची साडी विकताना

गिऱ्हाईक आता दुकानात बसून "मोराच्या पदरात काय आहे?" असं विचारत नाही. मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, "हीच पाहिजे." स्क्रीनशॉटमधल्या साडीचा रंग फिल्टरने बदललेला असतो, आणि ती हातमागाची की यंत्रमागाची याचा पत्ता नसतो. जून 2020मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणले. तेव्हापासून साडी आधी पडद्यावर दिसते, हाताला नंतर लागते. येवल्याच्या विणकरापासून लक्ष्मी रोडच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना विकायची रीत त्यानुसार बदलावी लागली आहे.

पहिली गोष्ट, ट्रेंड बघून माग लावू नका. एखादा रंग किंवा गाणं चालतं दहा-पंधरा दिवस. साध्या पदराच्या हातमाग पैठणीला मात्र आठवडे जातात, भरगच्च पदराला महिने. शिवाय एकदा ताणा (मागावरचे उभे धागे) चढवला की त्यावर एकापेक्षा जास्त साड्या निघतात, त्यामुळे ताण्याचा रंग चुकला तर पूर्ण खेप अडकते. जांभळी चालली म्हणून दहा जांभळ्या विणायला दिल्या, तर त्या हातात येईपर्यंत लोक मोतिया रंगावर गेलेले असतात. ट्रेंडवर चढवायची ती कपाटात तयार असलेली साडी. विणायला देताना लग्नसराईचा अंदाज घ्या, रीलचा नको.

चित्रीकरण

थेट ऊन न येणारी खिडकी, सकाळी नऊ ते अकरा, ट्यूबलाइट बंद. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड मिसळला की फोन गोंधळतो आणि केशरी साडी मधेच गुलाबी दिसते. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) कुलूपबंद करा. दिव्याखालीच शूट करायचं असेल तर शटर 1/50 सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, तिच्याशी न जुळणाऱ्या वेगावर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसू शकतात.

फ्रेम उभी, 1080 बाय 1920. एकूण 25 सेकंद पुरे. सुरुवातीचे तीन सेकंद पदर उलगडताना दाखवा. दुकानाचा लोगो आणि नमस्कार तिथे नकोत, तेवढ्यात बोट पुढे सरकलेलं असतं. मग साडी उजेडात हळूच हलवा. हे सोडू नका, कारण धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या. स्थिर फोटोत दोनपैकी एकच रंग उतरतो. घरी पोचलेली मोरपंखी गिऱ्हाइकाला निळी वाटते आणि "रंग वेगळा आला" म्हणून परत येते. कॅप्शनमध्येही सरळ लिहा: ताणा हिरवा, बाणा निळा.

त्यानंतर पदर उलटा करा आणि कॅमेरा वीतभर अंतरावर आणून पाच सेकंद स्थिर धरा. पारंपरिक पद्धतीच्या पदरात रंगीत धागे एकमेकांत गुंफून नक्षी विणतात, त्यामुळे मोर मागच्या बाजूनेही मोरच दिसतो. यंत्रमागाच्या साडीत मागे मोकळे धागे धावतात किंवा कापलेली टोकं दिसतात. रील बघणाऱ्या बायका हे आता ओळखतात. उलटी बाजू दाखवली नाही, तर पहिली कमेंट त्याचीच येते.

शेवटच्या चार सेकंदांत साडीचा कोड आणि किंमत. अक्षरं पडद्याच्या खालच्या पाचव्या भागात नकोत, तिथे कॅप्शन आणि बटणं बसतात.

गाण्याचं काय? बिझनेस खात्याला बरीच गाजलेली गाणी मिळत नाहीत. वैयक्तिक खात्यावरून लावली तरी आवाज बंद होऊ शकतो, आणि कॉपीराइट असलेलं गाणं वापरलेली रील जाहिरात म्हणून चालवता येत नाही. मागाची खटखट रेकॉर्ड करून लावा. फुकट आहे, स्वतःची आहे, आणि पैठणीला शोभतेही.

किंमत आणि खरेपणा

"किंमत डीएममध्ये" हा प्रकार बंद करा. ई-कॉमर्सच्या 2020च्या नियमांनुसार एकूण किंमत दाखवणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. नियम बाजूला ठेवला तरी, इनबॉक्समध्ये ताटकळलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या पानावर जातं.

सेमी पैठणीला सेमीच म्हणा. जरीची तार टेस्टेड, म्हणजे शुद्ध चांदीची नसलेली, असेल तर तसं लिहा. सिल्क मार्कचं लेबल शुद्ध रेशमाची हमी देतं, हातमागाची नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा. ही गफलत जुने दुकानदारही करतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "शेवटचा एकच पीस" खोटं लिहिणं तर 2023च्या डार्क पॅटर्नविरोधी (ऑनलाइन ग्राहकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या युक्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन नोंदलेलं आहे.

इन्फ्लुएन्सरला साडी फुकट दिली तरी ती जाहिरातच. तसा उल्लेख ठळक, सुरुवातीलाच हवा. हॅशटॅगच्या ढिगात पुरून चालत नाही. निवड करताना फॉलोअर्सपेक्षा कमेंट वाचा. "ताई, जरी कोणती?" असं विचारणाऱ्या वीस बायका हजार बदामांपेक्षा मोलाच्या.

रील ते व्हॉट्सअॅप

व्यवहार ठरतो व्हॉट्सअॅप बिझनेसवर. कॅटलॉगमध्ये 500 वस्तू आणि प्रत्येकीचे दहा फोटो बसतात. त्यातला एक उलट्या बाजूचा ठेवा. प्रत्येक रीलसाठी वेगळी क्लिक-टू-चॅट लिंक (दाबली की थेट चॅट उघडणारी) करा, तिच्यात "रील 7, मुनिया काठ" असा मजकूर आधीच भरलेला हवा. महिनाअखेरीस कोणत्या रीलमधून किती चौकशा आणि किती विक्री, हे वहीत मांडता येतं. व्ह्यूजवर घर चालत नाही.

ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून साडीच्या खोक्यात नंबराचं कार्ड टाका.

जाहिरात लावायची तर आपोआप चाललेल्या रीललाच लावा, न चाललेलीला ढकलण्यात पैसे जातात. रोज 300 रुपये, पाच दिवस, तीनच शहरं, उद्देश "मेसेज". वर 18 टक्के जीएसटी धरा.

पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून पार्सल सोडू नका, बँकेत रक्कम दिसली की मगच. तुमची रील उचलून निम्म्या किमतीत 'विकणारी' पानंही निघतात. शूट करताना पदराशेजारी दुकानाच्या नावाची चिठ्ठी ठेवली की व्हिडिओ चोरणं अवघड होतं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

रील चालली आणि साडी विकली गेली, तरी रील काढू नका. कॅटलॉगमधली वस्तू लपवा आणि रीलखाली कमेंट पिन करा: "ही विकली. अशीच विणून हवी असेल तर आठ आठवडे, निम्मी रक्कम आगाऊ, ताण्याचा रंग आधी ठरवू."