चाचणीचे गुण लिंकवर भरले, पण वर्गात काय बदललं? या चुका टाळा

शाळेतली सरकारी चाचणी संपते. दोन दिवसांत शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘आजच्या आज लिंक भरा, आपलं केंद्र मागे आहे.’ (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट.) मग रेंज शोधत शाळेच्या पायरीवर किंवा ग्रामपंचायतीपाशी उभं राहून एकेक पोराचे गुण चढवायचे. सबमिट झालं की हुश्श. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सुतळीने बांधून कपाटात जातो आणि दुसऱ्या दिवशी आपण पुढचा धडा काढतो.

मी स्वतः कितीतरी वर्षं हेच केलं. यवतमाळकडे, कापसाच्या पट्ट्यात, दोन शिक्षकी शाळेत. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० साली आलं, २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आणि पायाभूत चाचण्या आल्या, आता पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी आहे: वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, पहिल्या सत्राअखेर संकलित एक, वर्षाअखेर संकलित दोन. कागद वाढत गेले. पण त्या कागदांतून उद्याच्या तासाला काय शिकवायचं हे काढायला मला फार उशिरा जमलं. मधल्या काळात झालेल्या चुका लिहिते आहे. बहुतेक तुमच्याही ओळखीच्या निघतील.

चूक: बेरीज बघायची, उत्तर बघायचंच नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी हीच.

चौथीला एक गणित दिलं होतं: ५०३ वजा २६७. उत्तर २३६. वर्गातल्या बऱ्याच पोरांचं चुकलं. मी लाल फुली मारत गेले, शून्य गुण देत गेले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘वजाबाकीचा सराव आवश्यक’. मग फळाभर वजाबाक्या दिल्या. आठवड्याने तीच पोरं, तीच फुली.

तेव्हा कुठे गठ्ठा परत सोडला आणि फुलीच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचलं. उत्तरं चार प्रकारची होती.

काहींचं ३६४. एका पोरीला जवळ बसवून विचारलं, कसं काढलंस गं? ती म्हणाली, ‘शून्यातून सहा जातच नाही ना मॅडम, मंग म्या सहातून शून्य काढला.’ म्हणजे वर कोण, खाली कोण, याच्याशी तिला देणंघेणं नाही. मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच तिने पकडलेलं. तीनातून सात जात नाही, तर सातातून तीन. तिचा नियम पक्का होता आणि तो तिने प्रत्येक घरात इमानाने लावला होता.

काहींचं २४६. यांना हातचा घेणं येत होतं. शतकाकडून एक घेतला, दशकाच्या घरात दहा झाले, त्यातला एक एककाला दिला. पण दिल्यावर तिथे नऊ उरले हे विसरले आणि दहातूनच सहा वजा केले. काहींचं ३३६. त्यांचे दशक-एकक बरोबर, पण शतकातला एक गेला हे खोडलं नाही, म्हणून पाचातून दोन गेले. आणि एका पठ्ठ्याचं ७७०. त्याने चिन्हच बघितलं नव्हतं, सरळ बेरीज केली होती, आणि बेरीज अगदी बरोबर होती!

चौघांनाही लिंकवर शून्यच गेलं. पण पहिल्या पोरीला स्थानिक किंमत मुळापासून हवी. दुसऱ्या-तिसऱ्याला फक्त शून्य ओलांडून हातचा घेताना नोंद कशी ठेवायची ते हवं, अर्ध्या तासाचं काम. चौथ्याला वजाबाकी शिकवून काहीच उपयोग नाही, त्याला गणिताआधी चिन्हाला गोल करायची सवय लावायची.

पहिल्या गटासाठी मी तुराटीच्या काड्या घेतल्या. दहा काड्यांचा एक जुडगा, असे दहा जुडगे बांधून शंभराचा एक भारा. पाच भारे आणि तीन सुट्या काड्या मांडल्या, म्हटलं आता यातून मला दोन भारे, सहा जुडगे आणि सात काड्या दे. जुडगा तर एकही नाही. ती पोरगी थोडा वेळ नुसती बघत बसली. मग तिने स्वतःच एक भारा सोडला, त्यातला एक जुडगा सोडला. आता शून्याच्या जागी नऊ जुडगे कुठून आले ते सांगायची गरजच उरली नाही, डोळ्यांसमोर पडलेले होते.

अशीच दुसरी एक खूण मराठीत संख्या लिहायला सांगितली की दिसते. सत्तावन्न म्हटलं की ७५ लिहिणारी पोरं दरवर्षी असतात. त्यांना संख्या येत नाही असं नाही. ती ऐकतात त्या क्रमाने लिहितात, आधी सात, मग पन्नास. एकोणसाठचं ६९ होतं, कारण कानावर ‘साठ’ पडतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा त्यावर विनोद फार झाले. पण ज्यांनी हे ७५ आणि ६९ तपासलेत त्यांना ते का आणलं असेल हे लगेच कळलं असणार. दोन्ही वाचनं शेजारी शेजारी ठेवली की पोरं सावरतात.

चूक: प्रश्ननिहाय तक्ता न करणं

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा मारा. आडव्या ओळीत पोरांची नावं, उभ्या रकान्यात प्रश्न. बरोबरला बरोबरची खूण. चुकलं असेल तर नुसती फुली नको, चुकलेलं उत्तरच लिहा. रिकामं सोडलं असेल तर घर रिकामं ठेवा. रिकामं आणि चुकीचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तक्त्यातही वेगळ्याच दिसल्या पाहिजेत.

आता आधी उभं वाचा, मग आडवं. आपण नेहमी आडवं वाचतो, म्हणजे कोणतं पोरगं कच्चं ते शोधतो. उभा रकाना जवळजवळ सगळा चुकलेला असेल तर दोष पोरांचा नसतो. एकतर तो भाग आपण शिकवलेला नाही, किंवा घाईत उरकलाय, किंवा प्रश्नच गडबडीचा आहे. एकदा चित्रात सरकता जिना होता. आमच्या पोरांनी तो पाहिलेलाच नाही, त्यामुळे त्यावरची भूमिती कोणी करून बघितलीच नाही. तो प्रश्न बाजूला ठेवून तीच आकृती विहिरीच्या पायऱ्यांवर विचारली, तर निम्म्याहून जास्त जणांना आली.

चूक: सरासरीवर खूश होणं (किंवा रडणं)

बारा पोरं, वीस गुण. सहा जणांना १६ ते १८ आणि सहा जणांना २ ते ६. सरासरी साडेदहा. वाटतं, वर्ग मध्यम आहे, मधल्या पातळीचं शिकवू. पण साडेदहाचं पोर त्या वर्गात एकही नसतं! मधल्या पातळीचं शिकवलं की वरचे कंटाळतात आणि खालच्यांच्या डोक्यावरून जातं.

आता हाच वर्ग घ्या. पुढच्या चाचणीला ऐन वेचणीच्या दिवसांत खालच्या सहातली पाच पोरं गैरहजर. कोणी आईबापासोबत वावरात, कोणी घरी धाकट्याला सांभाळत. उरलेल्यांना मागच्याइतकेच गुण पडले तरी सरासरी पंधराच्या आसपास जाते. काहीही न शिकवता! केंद्राच्या शिक्षण परिषदेत अभिनंदनही होऊन जातं.

म्हणून गुणांआधी हजेरी बघायची. ज्यांनी चाचणी दिली नाही, ती पोरं शाळेत आली की त्यांची घ्यायची, तोंडी का होईना. लिंक बंद झाली असली तरी घ्यायची. ज्यांची माहिती आपल्याला सगळ्यात जास्त हवी, तीच त्या दिवशी नसतात. कापूसपट्ट्यात दिवाळीच्या पुढेमागे वेचणी, धानाच्या भागात शाळा सुरू होऊन महिनाही होत नाही तोवर रोवणी, गडचिरोलीकडे उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफूल. हे पोरांचं वेळापत्रक आपल्याला पाठ असायला हवं.

टक्केवारीचंही तसंच. आठच्या पटाला एक पोर म्हणजे साडेबारा टक्के. एक जण तापाने फणफणला तर शाळेचा निकाल एका उडीत खाली येतो. लहान पटाच्या शाळांनी टक्के बोलूच नयेत असं माझं मत आहे. ‘आठपैकी पाच’ म्हणा आणि उरलेल्या तिघांची नावं सांगा.

चूक: दोन वेगळ्या चाचण्यांचे गुण शेजारी ठेवणं

पायाभूतला ६५ टक्के, संकलितला ५५, म्हणजे वर्ग घसरला? तसं नाही. दुसरी प्रश्नपत्रिका अवघड असेल, अभ्यासक्रमही पुढचा असेल. उलटही होतं. पायाभूत चाचणी उन्हाळी सुट्टीनंतर, वर्षाच्या सुरुवातीला येते. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी राज्याच्या मागून उघडतात आणि पोरं बरंच विसरून आलेली असतात. तेव्हाच्या कमी गुणांवरून मागच्या वर्षीच्या शिक्षकाला बोल लावू नये.

वाढ मोजायची असेल तर चार-पाच प्रश्न स्वतःच्या वहीत ठेवा. आकडे बदलायचे, जात तीच. दीड-दोन महिन्यांनी तेच विचारायचे. ५०३ वजा २६७ च्या जागी ६०४ वजा ३५८. हा घरचा मापदंड पुरेसा होतो.

चूक: पर्यायी प्रश्नांच्या गुणांवर भरवसा

वीस प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. न वाचता गोल केले तरी साधारण पाच बरोबर येतात. म्हणून वीसपैकी सहा गुण मिळालेल्या पोराला ‘थोडंफार येतं’ असं समजू नका. त्याला जवळ घ्या आणि पर्याय झाकून तोंडी विचारा.

चूक: वाचता येत नाही, त्याला गणितात कच्चा ठरवणं

शाब्दिक उदाहरणं चुकली की आपण गणित घेतो. आधी एक करून पहा. तेच उदाहरण आपण मोठ्याने वाचून दाखवा, जमल्यास त्याच्या बोलीत. उत्तर आलं तर अडचण वाचनाची आहे. तेही आलं नाही तर आकडे सुटे देऊन बघा. तीन पायऱ्यांत रोग कळतो.

आमच्या केंद्रात कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी पोरं आहेत, घरी कोलामी बोलतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. ‘शिल्लक’ हा शब्द अशा पोराला अडतो, ‘उरले’ कळतं. आणि ते कळलं की वजाबाकी झटक्यात होते, कारण दुकानातून सुटे पैसे मोजून आणणारं पोरगंच असतं ते.

वाचनाची पातळी काढायला असर या शैक्षणिक सर्वेक्षणाची पद्धत मला अजून सगळ्यात सोयीची वाटते. प्रथम संस्थेने २००५ पासून चालवलेली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एकेक पोर जवळ घेऊन, पाच मिनिटांत. मात्र जिल्ह्याचा असर किंवा केंद्र सरकारचं २०२४ चं परख सर्वेक्षण वाचून आपल्या वर्गाचं निदान करू नका. ती नमुना सर्वेक्षणं आहेत. जिल्हा, राज्य कुठे आहे ते सांगतात, आपल्या वर्गातल्या पोराबद्दल काही सांगत नाहीत.

चूक: गट पाडले आणि वर्षभर तसेच ठेवले

स्तरनिहाय गट करणं चांगलं, पण जूनचा गट फेब्रुवारीतही तोच असेल तर तो ‘ढ’चा बाकच झाला, नाव फक्त बदललं. गट विषयावरून नाही, चुकीवरून पाडा. ३६४ वाल्यांचा गट, ७५ वाल्यांचा गट. चूक गेली की गट मोडला. त्यात पहिल्या नंबरचं पोरगंही कधीतरी येतं, आणि मग कोणालाच लाज वाटत नाही.

पालकसभेत गुण वाचून दाखवायचे नाहीत, हेही याच्यातच आलं. आईला बाजूला घेऊन एवढंच सांगायचं, ‘बाई, याला हातचा चुकतो, घरी दुकानाचा हिशोब याच्याकडून करून घ्या.’

चूक: उत्तरं सांगणं

लांबण लावत नाही. वरून दबाव असतो, शाळेचं नाव असतं, फळ्याकडे हात जातो. पण एकदा सांगितलं की तो कागद आपल्याच कामाचा राहत नाही. ज्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांना छान गुण होते, त्या वर्षीच्या गठ्ठ्यातून मला कोणाला काय येत नाही ते एकाही पोराबद्दल सांगता आलं नाही.

वेळ कुठून काढायचा?

हा प्रश्न खराच आहे. दोन शिक्षकी शाळा, वर पोषण आहार, वर माहिती मागवणारे फोन. म्हणून सगळे विषय, सगळे प्रश्न असं करू नका. एका चाचणीतला एकच विषय घ्या आणि त्यातले ज्यावर सगळ्यात जास्त फुल्या आहेत ते तीनच प्रश्न. वीस-पंचवीसच्या पटाला तक्ता पाऊण तासात होतो. मी शनिवारी करते. सकाळची शाळा सुटते, पोरं पांगतात, आणि लिंक भरायच्या आधी गठ्ठा सोडलेला असतो. कारण माझा अनुभव असा की लिंक भरल्यावर तो गठ्ठा कोणीच सोडत नाही, मीसुद्धा.