जो उठून जाऊ शकत नाही, त्याच्याजवळ विषय काढू नका

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मेल वॉर्डात पोटाचं ऑपरेशन झालेले एक काका होते, कामठीचे. चर्चच्या मंडळीतून आम्हा तरुणांना त्या आठवड्यात पन्नास-पन्नास हस्तपत्रिका वाटायला मिळाल्या होत्या आणि माझ्या काही संपत नव्हत्या. रात्री बाराला काकांचं बीपी घेतलं आणि जाताना एक पत्रिका त्यांच्या उशीखाली सरकवली. सकाळी ती त्यांच्या मुलीच्या हाती लागली. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, मरणानंतर काय? पोरगी धावत माझ्याकडे आली. कागद धरलेला हात थरथरत होता. म्हणाली, "सिस्टर, डॉक्टरांनी हात टेकले का जी?"

काका चांगले होते, चार दिवसांनी घरी गेले. पण त्या मुलीचा चेहरा मी एकतीस वर्षांच्या नोकरीत विसरले नाही. प्रभू येशूबद्दल लोकांना कसं सांगायचं, असं मंडळीतली तरुण मुलं आता मला विचारतात, तेव्हा मी त्या सकाळपासूनच सुरुवात करते.

समोरचा माणूस उठून जाऊ शकतो का, हे आधी बघा. पलंगावरचा पेशंट जाऊ शकत नाही. तुमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई, हाताखालची ज्युनियर, ट्यूशनचं पोर, तुमचे पैसे देणं लागणारा शेजारी, यांपैकी कुणालाच 'नको' म्हणणं सोपं नसतं. ते मान डोलावतील आणि तुम्हाला वाटेल, ऐकतायत. त्यांनी स्वतःहून विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर द्या आणि कामाला लागा.

मदतीचंही तसंच. कुणाची फी भरली, औषधं आणून दिली, राशन पोचवलं, तर त्या दिवशी धर्माचा विषय काढू नका. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने आपल्याला धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिला आहे. तो कुठवर पोचतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतात, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. मला तर कायद्याच्याही आधी प्रभूचे शब्द आठवतात, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये.

मग सांगायचं कधी? विचारतील तेव्हा. आणि लोक विचारतात, फक्त तुमच्या वागण्यात विचारण्यासारखं काही असावं लागतं. घराच्या वाटणीवरून माझं आणि माझ्या दिरांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. एका शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, एप्रिलच्या उन्हात, दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत वधस्तंभावरचं येशूचं पहिलं वचन वाचलं गेलं, "हे बापा, त्यांना क्षमा कर." दरवर्षीच ऐकते. त्या दिवशी मात्र मला बसवेना. संध्याकाळी दोन किलो संत्री घेतली आणि दिरांच्या दारात जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग जाऊबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

ही गोष्ट वॉर्डात पसरली. नाइट ड्यूटीला, तीन वाजता, थर्मासमधला चहा ओतता ओतता माझ्या सोबतच्या सिस्टरने विचारलं, "तुम्ही गेल्या कशा हो त्यांच्याकडे? मी तर मेले तरी गेले नसते." मी तिला झालं तसं सांगितलं. चर्चमध्ये काय ऐकलं, पाय कसे जड झाले होते, घर अजूनही त्यांच्याच नावावर आहे आणि तरी मला आता झोप लागते. तीन-चार मिनिटं लागली असतील. "तूही ये" असं म्हटलं नाही. चहा संपला, ती राउंडला गेली. दोन महिन्यांनी तिनेच पुन्हा विषय काढला.

तुमची साक्ष, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणं, अशीच असू द्या: आधी काय होतं, काय झालं, आता काय आहे. जे अजून सुटलेलं नाही तेही सांगा. बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात, येशूने दृष्टी दिलेला जन्मांध माणूस आधी पंडितांच्या वादात शिरत नाही, एवढंच म्हणतो की मी आंधळा होतो, आता मला दिसतं.

आपली भाषा मात्र तपासा. मी एकदा शेजारच्या काकूंना "प्रभूने माझं तारण केलं" असं म्हटलं. काकूंनी काळजीने विचारलं, "किती तोळे ठेवले?" त्यांना सोनेतारण कर्जच माहीत! 'साक्ष' म्हटलं की लोकांना कोर्ट आठवतं आणि 'मंडळी' म्हणजे तर घरची माणसं. हे शब्द आपल्याला प्रिय आहेत, ते उपासनेत ठेवा. ओट्याशी उभं राहून बोलताना म्हणा, प्रभूने मला सोडवलं, उचललं, माफ केलं.

आपल्या नागपूरशी जोडलेला एक प्रसंग मी मुलांना नेहमी सांगते. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक इथून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातल्या एका परदेशी प्रवाशाशी आधी संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या, मग धर्मावर, आणि शेवटी त्याने बायबलचा नवा करार हाती दिला. पुढचं वाचन टिळकांनी स्वतः केलं, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. समोरच्याला जे आवडतं तिथून बोलणं सुरू झालं होतं, हे लक्षात घ्या. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा तर त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. स्वतःच्या बायकोसाठी टिळकांना इतकं थांबावं लागलं, मग आपल्याला शेजाऱ्याची घाई कशाला?

शिवाय हे दीक्षाभूमीचं शहर आहे. माझ्या कितीतरी सहकारी बौद्ध आहेत. १९३५ ला येवल्यात केलेल्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी एकवीस वर्षं विचार करून १९५६ साली धम्म स्वीकारला, हे त्यांच्या घरातल्या लेकरालाही ठाऊक असतं. त्यांच्यासमोर त्यांच्या श्रद्धेला कमी लेखून बोललात, तर तुमचं पुढचं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" हो म्हणाले तर मुलाचं नाव, परीक्षेची तारीख विचारून वहीत लिहा. बरं होईलच असं वचन देऊ नका आणि औषध थांबवायला तर कधीच सांगू नका. तारीख उलटली की आठवणीने चौकशी करा. बहुतेक जण हेच विसरतात.

सणांचं आमच्याकडे असं चालतं: नाताळात माझ्या करंज्या-चकल्या चाळीतल्या सगळ्या घरी जातात, दिवाळीत त्यांचा फराळ येतो आणि आम्ही आनंदाने खातो. प्रसाद मी घेत नाही. हे काकूंना पहिल्याच वर्षी हात जोडून, कारणासकट सांगितलं होतं. तेव्हापासून त्या नैवेद्य दाखवायच्या आधी शिऱ्याची एक वाटी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. न सांगता टाळत राहिले असते तर त्या दुखावल्या असत्या.

कुणी वाचायला मागितलं तर लूकचं शुभवर्तमान सुचवा, तिथे गोष्टी जास्त आहेत. वाचलं का म्हणून मागे लागू नका. आणि कुणी स्वतःहून चर्चमध्ये येतो म्हटलं, तर आधीच सगळं सांगा: उपासना दीड तास चालते, चप्पल काढायची की नाही, दानाची थैली फिरते पण त्यांनी काही टाकायची गरज नाही, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी जागेवर बसून राहिलं तरी चालतं, मधेच उठून गेलं तरी कुणी काही म्हणत नाही. त्या रविवारी पुढच्या बाकाचा आग्रह सोडा, दाराजवळ त्यांच्यासोबत बसा. आणि दहा मिनिटं आधी जाऊन गेटवर उभे राहा, अनोळखी आवारात एकट्याने पाऊल टाकायला फार अवघड जातं.